पाच डॉलर

आमच्या पतपेढीला दोनच खिडक्या.
एक माझी. दुसरी, ग्रेटा निवृत्त झाल्यापासून, बंद;
तिच्यात आता गोळ्यांची बरणी, एक कुंडी
आणि कागदगिरणीचा जुना भोंगा,
जो वाजला की नदीपलीकडची कुत्रीसुद्धा
पाळीला निघाल्यासारखी उठून बसायची.

गिरणी गेली. पतपेढी राहिली.
मेनमधल्या या कोपऱ्यात चौदा गिरणीकामगारांनी
चर्चच्या तळघरात, मेणबत्त्यांच्या खोक्यात
पैसे ठेवून सुरू केलेली.
सभासद व्हायला आजही पाचच डॉलर.
पाच डॉलरला एक हिस्सा, एक मत,
आणि मार्चच्या सभेनंतर
काकवीत रात्रभर शिजवलेला घेवडा.

मंगळवारी ओडिल थिबोडो आली.
बुटांचा बर्फ दारातच झटकला.
बरणीतली गोळी घेतली नाही,
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

म्हणाली, खातं बंद करायचंय.
गाव सोडतेयस?
छे. हमरस्त्यावरच्या बँकेत ठेवणार.
त्या काचेच्या?
हो, त्या काचेच्या.

मी माझं काम केलं. सांगितलं,
दीड हजाराच्या खाली गेलीस
की महिन्याला बारा डॉलर कापतील.
माणसाशी बोलायला आधी यंत्राशी बोलावं लागेल,
आणि यंत्राला तुझे उच्चार कळायचे नाहीत.
चेक परत गेला तर पस्तीसचा दंड.
इथे मी स्वतः फोन करते:
ओडिल, चारच्या आत वीस डॉलर आणून टाक.

"हो," ती म्हणाली. "तू करतेस फोन."

मग हातमोज्याचं एकेक बोट ओढत:
ल्युसियन गेला तेव्हा खात्यात काय उरलंय
हे माझ्याआधी तुला ठाऊक होतं.
रेमीच्या गाडीचे हप्ते थकले,
तर तू किराण्याच्या दुकानात, पावाच्या फळीपाशी,
आवाज खाली आणून चौकशी केलीस.
आणि तो व्यसनमुक्ती केंद्रात होता
त्या महिन्यात मला दर वेळी
दोन गोळ्या दिल्यास.
चांगुलपणानंच गं. माहितेय मला.

मागे मशीन कुणाच्या तरी नोटा मोजत होतं.
त्याचं मोजून संपेपर्यंत
मला काही बोलावं लागलं नाही.

काल गेले होते तिथे, ती म्हणाली.
टेबलाशी एक पोरगा, टाय त्याच्याहून थोराड.
त्यानं विचारलं, आडनावाचं स्पेलिंग सांगता?
मार्सेलिन, एकाहत्तर वर्षांत
या गावात मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी सावकाश सांगितलं, अक्षर अक्षर.
शेवटची तीन मिळून नुसता एक "ओ" होतो,
तरी तीही वेगवेगळी सांगितली.
त्यानं सगळी लिहून घेतली.

पत म्हणजे काय, हे नव्या सभासदांना
मी बावीस वर्षं समजावत आले आहे.
म्हणते, माणूस माणसाला ओळखतो, ती पत.
ओळखीचाही हप्ता असतो
आणि तो कुणाला जड जातो,
हे आमच्या पत्रकात छापलेलं नाही.

अर्ज काढला. सही घेतली.
चार हजार दोनशे अठरा डॉलर, एकसष्ट सेंट.
चेकवर नाव लिहिताना
पेन टेकवून थांबले.
विचारलं, स्पेलिंग?
ती हसली नाही. नीट सांगितलं.

दारापर्यंत जाऊन परत फिरली.
पाच डॉलर राहू देत, म्हणाली.
मग खातं बंद होत नाही, ओडिल.
मग नको होऊ दे.
घेवडा मार्चमध्येच असतो ना अजून?

पहिला चेक फाडला.
दुसरा लिहिला, पाच डॉलर कमी,
या वेळी न विचारता.

जाताना एवढंच सांगून गेली:
कार्डावरचा माझा फोन नंबर तेवढा खोड.
खोडला.
पाठ आहे, त्याला इलाज नाही.