दोन वह्या

सातेरीच्या वहीत विश्राम मयेकर
पावणीच्या नारळाचे साडेबारा रुपयेही
लाल शाईत मांडतो.
एकदा चार रुपये जुळेनात,
तर रात्रभर बॅटरी घेऊन
देवळाच्या पायऱ्या चाचपत होता.

ग्रामपंचायतीची वहीही त्याच्याच हातची.
तीत खाडीवरची जेट्टी पुरी झाली आहे,
रंगासकट.
खाडीत दोन खांब, त्यांना कालवं,
आणि ओहोटीला होडीतून उतरणाऱ्या बायका
मांडीभर चिखलात,
डोक्यावर सुंगटांच्या पाट्या.

जत्रेत गुरवाने गाऱ्हाणं घातलं :
गावाची भरभराट कर,
वाकड्या वाटेने जाईल त्याला सरळ कर.
‘व्हय म्हाराजा!’
सगळ्यात मोठा आवाज विश्रामचा.
त्याच्या मागोमाग माझा.

माझ्या खळ्याला जेट्टीचंच सिमेंट आहे.
यंदा कोकमं
छान वाळली त्यावर.