फाटक लावलंत ना?

मेरेरिडबाईंनी आधी माझे बूट पाहिले,
मग मला.
"हे चालायचे नाहीत," म्हणाल्या,
आणि जिन्याखालून एक जोड काढला,
हिरव्या रबराचा, पुरुषी,
मला दोन बोटं मोठा.
"दोन मोजे घाला."
कोणाचे, ते मी विचारलं नाही.
आत, टाचेपाशी, पांढऱ्या रंगाने
दोन आद्याक्षरं होती, अर्धी झिजलेली.

वेल्समधल्या या शेतात मेंढ्या दोनशे ऐंशी.
त्यातल्या चाळीसेक मला दिसल्या,
बाकीच्या धुक्याच्या नावावर.
माझ्या खोलीत पूर्वी लोकर ठेवायचे,
भिंतीला हात लावला की अजून
किंचित तेलकट लागतं.
उशीवर दोन बिस्किटं,
खिडकीत मरून पडलेली एक गांधीलमाशी,
आणि नकाशा :
हाताने काढलेला, झेरॉक्सची झेरॉक्स,
डोंगर पुसट झालेत, अक्षर मात्र ठाम.
*इथे बैल नाही, घाबरू नका.*
*इथे घाबरा.*
*झरा. प्यायलात तर तुमची जबाबदारी.*
*हे फाटक उचलून ढकला.*

सकाळी डुकराचं नको म्हटलं,
तर त्यांनी ताटात मशरूम वाढवले,
काही न बोलता,
आजाऱ्याला वाढावेत तसे.
मग मी निघाले.
जिथे घाबरायचं होतं
तिथे दोन मुली पतंगाची दोरी सोडवत होत्या.
जिथे बैल नव्हता तिथे तो उभा,
तांबडा, सावकाश रवंथ करत,
त्यानेही नकाशा वाचला असावा
आणि त्याचं वेगळं मत असावं.
मी कुंपणाकडेने गेले, श्वास मोजत.
पुढे चॅपल. आता तिथे कोणी शनिवार-रविवारी राहायला येतं.
अंगणात थडगी,
थडग्यांच्या मधोमध ट्रॅम्पोलिन,
त्यावर पावसाचं पाणी आणि एक बुजगावण्यासारखा कोट.
झऱ्याचं पाणी प्यायले. जबाबदारी माझी.

फाटक मात्र खरंच उचलावं लागलं.
त्याचं सगळं वजन खांद्यात आलं
आणि क्षणभर वाटलं,
हे लिहिणाऱ्याने इथेच, याच चिखलात,
अशाच शिव्या दिल्या असणार.
कडी नव्हती. केशरी सुतळी होती.
मी ती गुंडाळली, बहुतेक.

संध्याकाळी चहा ओतताना त्यांनी एकच विचारलं :
"फाटक लावलंत ना?"
डोंगर कसा होता, दरी कशी, काही नाही.
"हो," म्हटलं.

हो म्हटलं, आणि झोप उडाली.
लावलं की नुसतं टेकवलं?
दोनशे ऐंशी मेंढ्या डोळ्यांसमोरून
एकेक करून रस्त्यावर आल्या.
शेवटी पाऊण वाजता मोबाइलचा उजेड घेऊन
दुसऱ्याच्या बुटांत पचपचत वर गेले.
फाटक बंद होतं.
सुतळीला गाठ होती, आणि ती माझी नव्हती :
दोन वेढे, शेपूट आत खोचलेलं.
शेजारी ओल्या गवतात एक अरुंद वाट मोडलेली,
एक पाय जरा ओढत गेलेला.

सकाळी शेगडीच्या दांड्यावर
लोकरीच्या सपाता वाफाळत होत्या.
"झोप लागली?"
"छान. तुम्हाला?"
"मला नेहमीच लागते."
अंडी दोघींच्याही ताटात सारखीच उकडलेली.
मी नकाशातली चूक सांगितली. बैल आहे म्हटलं.
"कुठे? तो?" त्या खऱ्याच दुखावल्या,
"तो बैल नव्हे हो. तो टेगिड."

निघताना मी विचारलं, ती गाठ कशी मारायची.
त्यांनी पावाच्या पिशवीवर दाखवली,
दोनदा, भरभर, मग एकदा सावकाश.

टॅक्सी शेताच्या शेवटच्या फाटकाशी थांबली.
ग्विलिम उतरायला लागला.
"बसा तुम्ही," म्हटलं, "मी लावते."
मला इतका वेळ लागला
की त्याने इंजिन बंद केलं.