रुवैस, गच्चीवरून काक्षी

रिफायनरीची ज्वाला उत्तरेला, समुद्राच्या अंगाला.
तिच्याकडे पाठ करून, पाण्याच्या टाकीच्या सावलीत
मी वीस मिनिटं नुसता बसतो.
डोळे अंधाराला रुळेपर्यंत
मेसमधून फोडणीचा वास वर येत राहतो.

दिवसभर मी दाबमापकं तपासतो.
त्यांना जोखायला प्रमाणित वजनं आहेत,
लाकडी पेटीत, मखमलीवर, हातमोज्यांशिवाय न शिवायची.
काक्षीला जोखायला
दुसरे तारेच आहेत फक्त.

राजन्य तिच्याच नक्षत्रातला, पण निळा आणि फार ठळक;
जवळचा म्हणून त्याच्याशी मापायला गेलो
तर ती दर वेळी फिकीच ठरेल.
एक जरा उजळ हवा, एक जरा मंद,
आणि दोघांचं स्वतःचं बऱ्यापैकी थाऱ्यावर असलेलं.
उजळ बाजूला प्रश्वा, शून्य पूर्णांक चार.
मंद बाजूला रोहिणी, शून्य पूर्णांक नऊ,
तांबूस, म्हणून डोळ्याला सोयीची.
(तीही किंचित हलते म्हणतात. असो.
इतकं चालवून घ्यायचं.)

नोव्हेंबरात घाई केली होती.
प्रश्वा नुकता उगवलेला, धुळीत बुडालेला;
क्षितिजाजवळची धूळ कुणाचंही तेज खाते.
फेब्रुवारीत साडेआठला
तिघं साधारण एका उंचीवर येतात.
तोवर थांबायचं.

लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही,
तो डोळ्यात साचत जातो,
आहे त्याहून मोठा होतो.
मी चष्मा काढतो. तारे विरघळून
सरकीएवढे होतात.
नजर इकडून तिकडे, तिकडून इकडे.

लिहिणार होतो ०.५,
कारण गेल्या आठवड्यात ०.५ होतं.

तेवढ्यात वॉचमन वर आला, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला.
त्याला विचारलं, खानभाई, ही मधली
कुणाच्या जवळची? त्याच्या, की तिच्या?
त्याने पाना खाली ठेवला.
दोन भावांच्या बांधाच्या भांडणात
पंच म्हणून बसवल्यासारखा
कितीतरी वेळ बघत राहिला.
"मधोमध," म्हणाला. मग, "नाही,
मधोमधच्या जरा पुढे. तिच्याकडे."

त्याला गेला आठवडा ठाऊक नव्हता.

मी वहीत लिहिलं: ०.७.
पातळ धूळ, चंद्र नाही, निरीक्षक दोन.
आणि पेन तिथेच अडलं.
दोन वर्षं नुसतं खानभाई, खानभाई.
विचारलं. सय्यदगुल, तो म्हणाला.
मी 'गुल' ऱ्हस्व काढत होतो
तोवर टाकी भरून
आमच्या चपलांखालून पाणी वाहायला लागलं होतं.