चावी नंबर चारशे सतरा

पहाटे साडेतीनला बाबा उठायचे,
दिवा न लावता पँट चढवायचे
आणि महापालिकेची चावी खांद्यावर टाकून
माझगावचा उतार उतरायचे.
पाच फुटी लोखंडी दांडा, वरती आडवी मूठ.
नाक्यावरचा दूधवाला रोज तेच म्हणायचा,
"उबाळे, निघालात क्रूस घेऊन?"
"छे हो," बाबा म्हणायचे, "याच्यावर नंबर आहे.
हरवली तर पगारातून कापतात."

रस्त्यातलं झाकण उचलायचं,
खड्ड्यात चावी उतरवायची, मोजत फिरवायची.
मशिदीमागच्या गल्लीसाठी बावीस आटे,
गोदीच्या चाळींना एकोणीस,
पारशी बागेला साडेसतरा.
जमिनीखाली कुठेतरी पाणी खाकरायचं
आणि मग मजल्यामजल्यावर
एकेक नळ शिंकत जागा व्हायचा.
कुठला नळ कुठल्या देवाच्या घरात, ते खड्ड्यातून दिसत नाही.
हे ते कधी म्हणाले नाहीत.
मी म्हणतोय. त्यांना असली वाक्यं जमायची नाहीत.

रविवारी ते मंडळीत डीकन.
दानाची थैली फिरवायची,
महिन्यातून एकदा राष्ट्रासाठी प्रार्थना.
बाकीचे डीकन राष्ट्रपतींपासून निघत,
सीमेवरच्या जवानांवरून वळसा घेत आमेनला पोचत.
बाबा डोळे मिटून सांगायचे,
"प्रभू, टेकडीवरच्या टाकीला गळती लागलीय.
खड्ड्यात उतरणाऱ्या पोरांना हातमोजे मिळू देत.
नवा ज्युनियर इंजिनियर भला माणूस आहे,
त्याला बदलीपासून राख."
मागच्या बाकावर आम्ही हसून लाल,
आई कोपरानं ढोसायची.
मला वाटायचं, देश एवढासाच असतो?

शाळेत कोणी विचारायचं, तुम्ही लोक मूळचे कुठले?
मी सांगायचो, नेवासा तालुका.
विचारणारा थांबूनच राहायचा,
खरं उत्तर अजून यायचंय असं समजून.

मग तो मे महिना.
तलावांची पातळी रोज पेपरात, पाण्यात कपात,
आणि मंडळीच्या हॉलमध्ये पाळकांच्या मुलीचं लग्न.
पंचकमिटीतले दोघे घरी आले. चहा झाला.
शमुवेल कर्डिले म्हणाले,
"एलिशा, आपल्या आवाराला वीस मिनिटं जास्त.
कोणाला कळतंय?"
बाबांनी बशी खाली ठेवली.
"ती वीस मिनिटं कोणाची, ते मला ठाऊक आहे.
शेवटच्या चाळीची. तिथे फरशी खणून,
खाली बसून वाटीनं भरतात बायका."
"अरे, पण आपली मंडळी..."
"हो ना," बाबा म्हणाले. "म्हणूनच."

लग्नाला टँकर आला.
पुढच्या निवडणुकीत बाबा डीकन राहिले नाहीत.
राष्ट्रासाठीची प्रार्थना दुसरं कोणी करू लागलं,
सुंदर, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत.
बाबा मागच्या बाकावर. ओठ हलताना दिसायचे.
टाकीच असणार.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी चावी जमा केली,
पावती मागून घेतली :
लोखंडी चावी, एक नग, वापरलेली, ठीक.
ती अजून त्यांच्या पवित्र शास्त्रात आहे,
स्तोत्रांच्या मधे कुठेतरी,
गंजलेल्या अंगठ्याच्या ठशासकट.

मी आता सव्विसाव्या मजल्यावर राहतो.
परवा सोसायटीच्या सभेत ठराव आला,
मागच्या वस्तीला जाणारी जुनी लाइन बंद करावी,
आपल्याला प्रेशर कमी येतं.
बाजूनं हात वर करा म्हणाले. मी केला नाही.
विरोधात कोण, म्हणाले.
तेव्हा मी मोबाइल बघत होतो.
ठराव मंजूर झाला, समोसे आले.

आज पहाटे चार चाळीसला जाग आली.
घरात सगळीकडे पाणी, न खाकरता, चोवीस तास.
उठून पावती काढली, परत ठेवली.
सेक्रेटरींना पत्र लिहायला बसलोय.
माननीय महोदय, स्वल्पविराम.
त्याच्यापुढे अजून
काही सरकलेलं नाही.