जुनेर

प्रेस्टनच्या बाजारात, मंगळवारी,
चीजवाल्याच्या पलीकडे मॉरीनचा ठेला.
मोज्यांचे ढीग, हँगरला लटकलेले गाऊन,
आणि त्यांच्यामध्ये मी, चोपन्न वर्षांची,
एका चड्डीची शिवण अंगठ्यानं चाचपतेय
वांगं किडकं आहे का बघावं तशी.

"सगळं कॉटन आहे ना?"
"मधली पट्टी कॉटन. बाकी नायलॉन," मॉरीन म्हणते,
"लेस दिसायला छान गं,
पण तुला हवंय ते खालच्या खोक्यात आहे."
आणि गुडघे कुरकुरवत ती वाकते.
मला काय हवंय हे तिला कसं कळलं,
मी विचारत नाही.

तीन वर्षं झाली, कावळा शिवायचा थांबला.
त्याला आईच्या घरी शब्द होता,
वेगळी चटई होती, वेगळा तांब्या होता,
शेजारच्या काकूंनासुद्धा तारखा पाठ होत्या.
तो कायमचा उडून गेल्यावर मागे जे उरतं
त्याला मात्र कुणी नाव ठेवलं नाही.
कोरड पडते, ती घशाला.
आटते, ती विहीर.
भेगाळते, ती टाच; तिला निदान कोकम तेल आहे.

सर्जरीतल्या नर्सला मी इंग्रजीत सांगितलं.
परक्या भाषेत अंगही जरा परकं होतं,
टेबलावर ठेवून दाखवता येतं.
खुर्चीवर बसवत नाही, म्हटलं,
ऑफिसातून घरी येताना चढावर
पावलागणिक घासतं, म्हटलं,
आणि रात्रीचं,
रात्रीचं मी सांगितलंच नाही.
तिनंच विचारलं, कीबोर्डकडे बघत.
मलमाची चिठ्ठी दिली. म्हणाली,
कपडा सुती, सैल, जाड शिवण नको,
आणि तो लॅव्हेंडरचा फॅब्रिक कंडिशनर,
तो आधी बंद करा.

वीस वर्षं आमच्या घराला लॅव्हेंडरचा वास होता.

खालच्या खोक्यातून निघते ती पांढरी, बेंबीच्या वर येणारी,
बारा पौंडाला पाच.
लास्टिक कापडात गुंडाळलेलं, टोचणार नाही असं.
"एक साइज मोठी घे," मॉरीन म्हणते,
"आपल्याला आता कुणाला आवळून दाखवायचंय?"
दोघी हसतो. माझं हसू जरा जास्तच लांबतं,
चीजवाला वळून बघतो.

घरी विश्राम मशीनमधून कपडे काढत होता.
वर्षभर तो भिंतीकडे तोंड करून झोपतो,
मी खिडकीकडे.
त्याला वाटलं मला तो नकोसा झालाय,
मला वाटलं त्याला कळलंय.
पिशवी ओट्यावर ठेवून मी मराठीत म्हटलं,
"विश्राम, मला तिथं दुखतं."
तिथं.
एवढाच शब्द सापडला, सगळी भाषा धुंडाळून.

तो काहीच बोलला नाही.
ओला टॉवेल पिळत राहिला, मशीननं आधीच पिळलेला.
मग वरून मिशीची छोटी कात्री घेऊन आला,
चष्मा कपाळावरून खाली ओढला,
आणि पाचही चड्ड्यांची आतली लेबलं
एकेक टाका उसवत काढून टाकली,
कापडाला ओरखडासुद्धा न येऊ देता.
"हे पण टोचत असणार," म्हणाला.

आई जुनेर जपून ठेवायची,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडं.
अंगाला काही झालं की तेवढंच चालायचं.
का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
तिच्या चोपन्नाव्या वर्षी मी इथे होते,
रविवारी फोन करायचे,
हवेबद्दल बोलायचे.

कपडा एका धुण्यात जुनेर होत नाही.
रेडिएटरवर पाच पांढऱ्या चड्ड्या,
वास कशालाच नाही.
बाहेर रिबलवरून वारा.
उद्या पुन्हा एकदा धुवीन.