अडीचशे शब्दांत

अर्जातला सातवा प्रश्न:
तुमचे गुण कमी का, ते अडीचशे शब्दांत स्पष्ट करा.
खाली रिकामी चौकट,
जानेवारीतल्या डुलुथच्या बंदरासारखी,
नुसता बर्फ, एकही बोट नाही.

चारपैकी एक दशांश सात.
एवढेच गुण कागदावर.
बाकीचे मी उधळले, असं आई म्हणते.

पहिला खर्डा:
घरची परिस्थिती हलाखीची असल्यामुळे...
खोडलं. परिस्थिती बरी होती.
आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, बाबा ट्रकवर,
आणि रविवारी न चुकता पॅनकेक.

दुसरा:
आत्याच्या दीर्घ आजारपणामुळे...
गुड्रुन आत्या ठणठणीत आहे.
बर्फाला भोक पाडून मासे धरते.
हे वाचलं तर मलाच गळाला लावेल.

डेरिक हालोनेनचे वडील खरंच गेले, अकरावीत असताना.
त्यानं ते लिहिलं. त्याला प्रवेशही मिळाला.
पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर कोपरं टेकून म्हणाला,
पाकीट टाकल्यावर वाटलं, बाप विकला.
मग तीन दिवस मी पेन उचललं नाही.

माझ्याकडे दुःख नव्हतं.
अडचण हीच होती.

खरं सांगायचं तर
बस शाळेच्या दारात थांबायची
आणि मी बसूनच राहायचे.
कालव्यापाशी उतरायचे.
हजार फुटी बोटी यायच्या लोखंडाचं खनिज न्यायला.
कुठली किती बुडालीये ते बघून
पोटात माल किती, हे मला सांगता यायचं.
वारा किती, वेग किती, पूल वर जायला मिनिटं किती,
हातमोज्यात बोटं मोजत हिशेब करायचे,
सहसा चुकायचे नाही.
आणि तिकडे दोन मैलांवर
बीजगणिताच्या तासाला
माझ्या नावापुढे फुली.

लोक काठावर पास होतात.
मी काठावर नापास झाले.

मग तीन वर्षं गोदामात, खोक्यांवर पत्ते चिकटवत.
टल्सा, बेकर्सफील्ड, मोबील.
सगळं कुठे ना कुठे जायचं.
सुट्टी झाली की मी घरी.

शेवटी हेच लिहिलं.
थोडे शब्द उरले.
त्यात लिहिलं, की मला फार पश्चात्ताप होतो.
खोडलं.
लिहिलं, की एवढं लोखंड पोटात घेऊन
बोट तरंगते कशी, ते मला नीट शिकायचंय.
नुसतं बघून कळत नाही.
बघून झालंय.

कम्युनिटी कॉलेजच्या खिडकीत ओडेगार्डबाईंनी
चष्मा कपाळावर सरकवला
आणि माझ्यासमोरच सगळं वाचलं.
मी त्यांच्या स्टेपलरकडे बघत राहिले.
म्हणाल्या, बोटीनं भोंगा दिला की पूल उत्तर देतो ना अजून?
म्हटलं, देतो. तेवढेच भोंगे, त्याच लयीत.
माझे काका होते पुलावर, म्हणाल्या.
एवढंच.
शिक्का मारला. शाई नीट उठली नाही.
दुसऱ्यांदा मारला.

आता सकाळी आठला अपूर्णांकांचा वर्ग.
याचं क्रेडिट शून्य, फी मात्र पूर्ण.
शेजारी रॉस्को, वय एकावन्न, कागदाची गिरणी बंद पडली त्याची.
छेद समान करताना ओठ हलवतो,
चर्चमध्ये बसल्यासारखे.
मी त्याला खोडरबर देते,
तो मला थर्मासमधली कॉफी, झाकणात ओतून.

तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश.
खिडकीबाहेर मार्चचा बर्फ तडकतोय.
पहिली बोट आजच येणार, दहाच्या आत,
हे या वर्गात मला एकटीला ठाऊक आहे.
पाय एकदा दाराकडे वळतातच.
वळू देत.
पाच अष्टमांश, लिहिते.

रॉस्को वाकून माझ्या वहीत बघतो.
चाराचे आठ झाले कुठून, विचारतो.
मी खुर्ची त्याच्याकडे सरकवते.