बूथ क्रमांक दोन

सेनापती बापट रस्त्यावरच्या हॉटेलात
तिसऱ्या मजल्यावर एक नदी अडली आहे.
वरच्या देशाचे अकरा जण, खालच्या देशाचे चौदा
(तीन जास्त का, यातच पहिली सकाळ गेली)
आणि मधे, कुठल्याच झेंड्यामागे न बसलेले
विशेष दूत हॉगलुंड, वय एकाहत्तर,
गुडघ्याला पट्टा, खिशात आलेपाकाच्या वड्या.

मी काचेच्या पेटीत.
वीस मिनिटं मी, वीस मिनिटं कॅम्पातली झरीन.
कानात फ्रेंच, तोंडात इंग्रजी, मग उलट,
आणि मधल्या अर्ध्या सेकंदात, कुणाला न सांगता, मराठी.

उपमंत्री टेबलावर बोट आपटतो:
मी हे सहन करणार नाही.
मीही सहन करणार नाही, जराशी उशिरा.
मग खालच्या देशाच्या बाई उत्तर देतात
आणि मी तितक्याच तावाने माझ्यावरच उलटते.
झरीन माइक बंद करून म्हणते,
तुझ्या सासूबाईंशी कधी बोलली असतीस असं!

सभागृहात ठरत काहीच नाही.
तिथे फक्त आधी ठरलेलं नीट इस्त्री करून वाचतात.
ठरतं ते लिफ्टपाशी, जिन्यात,
साबुदाणावड्यात मिरची किती या चर्चेच्या आडोशाला,
किंवा अशा कागदावर
ज्यावर नाव नाही, तारीख नाही,
आणि कुणी विचारलंच तर ज्याला कागद म्हणायचं नाही.
हॉगलुंड तो घडी घालून नेतात, घडी घालून आणतात.
दर फेरीला एक कंस कमी होतो, दोन वाढतात.
काल रात्री मसुद्यात सत्तेचाळीस कंस होते,
'पाणी' हा शब्द तेवढा उघड्यावर.

जेवणानंतर ते खिडकीशी उभे होते.
ही कोणती टेकडी, म्हणाले. मी सांगितलं.
आणि तुमची नदी?
दोन आहेत, म्हटलं, मुळा आणि मुठा,
संगमापुढे मुळा-मुठा.
आधी कुणाचं नाव यावरून भांडण?
माझ्या माहितीत तरी नाही.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं,
एक लहानशी आडवी रेघ असावी.
पुढे काय झालंय त्या पाण्याचं, ते मी सांगितलं नाही.
पाहुण्यांना सगळंच कशाला.

माझी अडचण वेगळीच आहे.
फ्रेंचमध्ये एकच, इंग्रजीतही एकच,
पण माझ्या डोक्यात दोन दारं:
आम्ही, आणि आपण.
चार दिवस दोन्ही बाजू जे बोलल्या
ते सगळं पहिल्या दारानं आत आलं.
आम्ही धरण बांधलं. आम्ही तहानलो. आम्हाला विचारलं नाही.

आज पाचला, चहा गार झालेला,
उपमंत्री चष्मा पुसत, माइकपासून जरा लांब,
म्हणाला, मार्चमध्ये पाणी कमी असतं, तेव्हा काय करू
आणि तो शब्द.
मी अडखळले. झरीननं वळून पाहिलं.
आपण, म्हणाला होता तो. आपण काय करू.
बाहेर गेला तो नेहमीचाच, दोन अक्षरी, बिनदाराचा.
इतिवृत्तात काही दिसणार नाही.
हॉगलुंडनी मात्र मान वर केली,
वडी तोंडातच राहिली.
त्यांना मराठी येत नाही. तरीही.

मग पत्रक निघालं: चर्चा मोकळेपणाने झाली,
म्हणजे भांडण झालं.
उद्या सहापर्यंत कुणी हरकत घेतली नाही
तर कलम नऊ मान्य समजावं.
गप्प बसण्यालाही इथे वेळ ठरवून देतात.

खाली आले तर रस्ता तुंबलेला,
गळ्यातलं ओळखपत्र काढायचं राहून गेलेलं.
रिक्षावाल्याला म्हटलं, कोथरूड, येता का?
त्यानं आरशातूनच पाहिलं.
आपण कोथरूडला जात नसतो, म्हणाला.

मी फुटपाथवर उभी.
हा तिसरा अर्थ माझ्या लक्षातच नव्हता आला.
उपमंत्री नक्की कुठला म्हणाला असेल?
उद्या सहापर्यंत थांबायचं.